टीव्हीच्या रिमोटमधला न दिसणारा प्रकाश पकडून रोबोट आपलं लक्ष्य कसं शोधतो?

टीव्हीचा रिमोट घ्या, फोनचा कॅमेरा चालू करा, रिमोटचं पुढचं टोक कॅमेऱ्यासमोर धरा आणि कुठलंही बटण दाबा. स्क्रीनवर एक जांभळट पांढरा ठिपका लुकलुकताना दिसेल. फोन बाजूला ठेवून नुसत्या डोळ्यांनी बघा, काहीच दिसणार नाही. (मागच्या कॅमेऱ्यात ठिपका दिसला नाही तर सेल्फी कॅमेरा लावून बघा. बऱ्याच फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात हा प्रकाश अडवणारा फिल्टर असतो.)

हा प्रकाश म्हणजे इन्फ्रारेड, पुस्तकी मराठीत अवरक्त. १८०० साली विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने सूर्यप्रकाशाचे रंग लोलकातून वेगळे केले आणि लाल रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे थर्मामीटर ठेवला. पारा चढला. तेव्हापासून हा प्रकाश माणसाला माहीत आहे.

पुढे याच प्रकाशाला रोबोटिक्सच्या स्पर्धांमध्ये एक मजेशीर काम मिळालं. मैदानात एका ठिकाणी इन्फ्रारेड दिवा ठेवायचा आणि रोबोटने कुणाच्याही मदतीशिवाय तो शोधून काढायचा. या दिव्याला म्हणतात बीकन. समुद्रातल्या जहाजाला दीपस्तंभ जशी खूण देतो, तशीच ही रोबोटसाठीची खूण.

ऐकायला सोपं वाटतं. दिवा दिसला की त्याच्याकडे जायचं, त्यात काय एवढं? पण जिथे स्पर्धा असते त्या हॉलमध्ये शेकडो दिवे असतात, खिडकीतून ऊन येत असतं, आणि ते सगळेच थोडाफार इन्फ्रारेड प्रकाश टाकत असतात. त्यामुळे दिवा दिसणं हा प्रश्नच नसतो. त्या गर्दीतला आपला दिवा कोणता, हे ओळखणं हा खरा प्रश्न असतो.

३० सेकंद, रिमोटला हात लावायचा नाही

ही गोष्ट नीट समजायला एक खरी स्पर्धा घेऊ. फर्स्ट टेक चॅलेंज, म्हणजे एफटीसी. अमेरिकी संशोधक डीन केमन यांनी १९८९ मध्ये सुरू केलेल्या 'फर्स्ट' या संस्थेची ही शाळकरी मुलांसाठीची स्पर्धा. १२ फूट बाय १२ फुटांचं मैदान, दोन संघांची एक आघाडी विरुद्ध दुसऱ्या दोन संघांची आघाडी, आणि सामना एकूण अडीच मिनिटांचा.

या अडीच मिनिटांतले पहिले ३० सेकंद सर्वांत तणावाचे. या वेळात मुलांना कंट्रोलर हातात घ्यायची परवानगीच नसते. रोबोटने आधी लिहून ठेवलेल्या प्रोग्रॅमवर एकट्याने चालायचं. उरलेली दोन मिनिटं मुलं रोबोट स्वतः चालवतात.

आता पहिल्या ३० सेकंदांत मैदानावरची प्रत्येक वस्तू ठरलेल्या जागीच असेल, तर रोबोटला सेन्सरची गरजच काय? 'अमुक इतकं पुढे जा, उजवीकडे वळ, हात वर कर' असं पाठ करून पाठवलं की झालं. आयोजकांनी हीच पळवाट बंद केली. एक गोष्ट दर सामन्यात बदलायची, आणि ती सामना सुरू होण्याच्या जरासं आधी.

२०१२-१३ च्या मोसमात 'रिंग इट अप' नावाचा खेळ होता. फुल्लीगोळ्यासारखी तीन बाय तीनची चौकट, तिच्या खुंट्यांना रिंगा अडकवायच्या. बीकन तीनपैकी कुठल्या रांगेत असेल हे आधी ठाऊक नसायचं. पुढच्या वर्षीच्या 'ब्लॉक पार्टी'मध्ये झुलत्या दांड्यांना लावलेली खोकी होती. प्रत्येक आघाडीच्या चार खोक्यांपैकी एकाखाली बीकन असायचा आणि रोबोटला जवळचा ठोकळा त्याच खोक्यात टाकता आला तर जास्त गुण मिळायचे. २०१४-१५ च्या 'कॅस्केड इफेक्ट'मध्ये मैदानाच्या मधोमध असलेला अख्खा सांगाडाच तीनपैकी एका दिशेला वळवून ठेवलेला असायचा आणि बीकन त्याच्यावर.

यातलं 'ब्लॉक पार्टी' हे शिकण्यासाठी सर्वांत छान उदाहरण, कारण त्यात रोबोटला फक्त एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं: चारपैकी कुठलं खोकं?

लाइन फॉलोअर वेगळा, बीकन वेगळा

इथे एक गल्लत दूर करायला हवी. आपल्याकडे इंजिनिअरिंग कॉलेजच्या फेस्टमध्ये रोबोट म्हटलं की लाइन फॉलोअर आठवतो. तोही इन्फ्रारेड सेन्सरवर चालतो. आशिया-पॅसिफिक देशांची एबीयू रोबोकॉन ही स्पर्धा पुण्यात दोनदा झाली, २००८ आणि २०१४ मध्ये. २००८ चा विषय तर चक्क गोविंदा आणि दहीहंडी होता! रोबोकॉनच्या मैदानावर पांढऱ्या रेघा असायच्या आणि त्या रेघा धरून चालणं हे रोबोटचं नेहमीचं तंत्र होतं.

पण लाइन फॉलोअरमध्ये दिवा आणि सेन्सर दोन्ही रोबोटच्या पोटाखाली असतात. रोबोट स्वतःच जमिनीवर प्रकाश टाकतो आणि किती परत आला ते मोजतो. पांढरी रेघ जास्त परत पाठवते, काळी जमीन कमी. अंतर असतं सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर.

बीकनचा प्रकार उलटा. दिवा दूर कुठेतरी आहे, दुसऱ्याच्या हातात आहे, रोबोट फक्त बघणारा. अंतर फुटांमध्ये. त्यामुळे आजूबाजूच्या प्रकाशाचा त्रास कैक पटींनी जास्त.

सूर्यही इन्फ्रारेडच देतो

जमिनीवर पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेपैकी साधारण निम्मी इन्फ्रारेडमध्ये असते. जुने पिवळे बल्ब आणि हॅलोजन तर प्रकाश कमी आणि इन्फ्रारेडच जास्त देतात. त्यांच्यापुढे बीकनमधला छोटासा एलईडी म्हणजे वरातीच्या बँडसमोर वाजवलेली शिट्टी.

मग शिट्टी ऐकू कशी येणार? ती ठरावीक तालात वाजवायची.

बीकन सतत पेटलेला नसतो. तो फार वेगाने चालू-बंद होतो. एफटीसीत वापरला जाणारा हायटेक्निक कंपनीचा बीकन एका सेकंदात १२०० वेळा लुकलुकायचा, म्हणजे १२०० हर्ट्झ. सेन्सरला हा ताल आधीच माहीत असतो.

एक हिशोब करून बघू. समजा उन्हामुळे सेन्सरचा आकडा ८०० आहे आणि बीकन पेटला की त्यात २० ची भर पडते. बीकन चालू असताना ८२०, बंद असताना ८००. आता चालू असतानाच्या आकड्यातून बंद असतानाचा आकडा वजा करा. ८०० पुसला गेला, हातात राहिले २०. म्हणजे निव्वळ बीकन. ऊन दोन्ही वेळा तेवढंच असल्यामुळे वजाबाकीत उडून गेलं. सेन्सरमधली चिप हीच वजाबाकी सेकंदाला शेकडो वेळा करून बेरीज घेत राहते, त्यामुळे ८०० च्या ढिगाऱ्यातले २० सुद्धा स्वच्छ दिसतात.

हायटेक्निकच्या 'आयआर सीकर व्ही २' या सेन्सरमध्ये म्हणूनच दोन मोड होते. डीसी मोड सगळा इन्फ्रारेड प्रकाश मोजायचा, मग तो उन्हाचा असो की बल्बचा. एसी मोड फक्त लुकलुकणारा प्रकाश मोजायचा. प्रोग्रॅममध्ये चुकून डीसी मोड राहिला तर रोबोट बीकन सोडून थेट खिडकीकडे निघायचा. बघणाऱ्याला वाटणार रोबोट वेडा झाला, पण तो सांगितलेलंच काम करत असतो. सर्वांत जास्त इन्फ्रारेड खिडकीतूनच येत असतो ना!

ट्यूबलाइटचं काय? तीसुद्धा लुकलुकतेच. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साध्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. अमेरिकेत ६० हर्ट्झची वीज, म्हणून १२० वेळा. १२०० चा ताल यापासून बराच लांब आहे, त्यामुळे वेगळा काढता येतो. टीव्हीचे रिमोट याच्याही पुढे जातात, ते साधारण ३८ हजार हर्ट्झवर लुकलुकतात. (३८ च का? जुन्या एएम रेडिओंमुळे ४५५ किलोहर्ट्झचा एक पार्ट बाजारात स्वस्तात मिळायचा. त्याला १२ ने भागलं की ३७.९ येतात. इतकं साधं कारण.)

एवढं करूनही एका गोष्टीपुढे वजाबाकी हरते. सेन्सरला जास्तीत जास्त १०२३ पर्यंतच मोजता येत असेल आणि थेट उन्हानेच तो १०२३ वर गेला असेल, तर बीकन पेटल्यावरही १०२३ आणि विझल्यावरही १०२३. वजाबाकी शून्य. बीकन समोर असून रोबोट आंधळा. याला प्रोग्रॅमिंगमधून उपाय नाही. सेन्सरवर सावली करणं हाच एक मार्ग.

दिशा कशी कळते?

एक सेन्सर घेतला तर फक्त 'प्रकाश आहे' एवढंच कळतं. दिशेसाठी किमान दोन लागतात, थोडे एकमेकांपासून बाहेर वळवलेले. आपल्या दोन कानांसारखं समजा. डाव्या बाजूने आवाज आला की डाव्या कानाला जरा जास्त ऐकू येतं.

नवखी मुलं इथे डावा आकडा आणि उजवा आकडा यांची नुसती वजाबाकी करतात. ती फसते. समजा डावा ६० आणि उजवा ४०, फरक २०. रोबोट दूर गेला आणि दोन्ही आकडे एक चतुर्थांश झाले: १५ आणि १०, फरक ५. बीकनची दिशा तीच आहे, पण रोबोटला वाटतं की आपण जवळपास सरळ झालो. उपाय सोपा आहे. फरकाला बेरजेने भागायचं. २० भागिले १०० म्हणजे ०.२, आणि ५ भागिले २५ म्हणजेही ०.२. जवळ असो वा लांब, दिशेचं उत्तर तेच येतं.

आयआर सीकरने हे काम सोपं करून दिलं होतं. त्याच्या घुमटात पाच डिटेक्टर बसवलेले होते आणि ते मिळून २४० अंशांचा पट्टा बघायचे. रोबोटला मिळायचा एकच आकडा, ० ते ९. शून्य म्हणजे काहीच दिसत नाही. पाच म्हणजे बरोबर समोर. एक म्हणजे एका टोकाला, नऊ म्हणजे दुसऱ्या टोकाला. विषम आकडा आला तर एकच डिटेक्टर जोरात बघतोय, सम आला तर शेजारचे दोन मिळून बघतायत.

लेगोच्या ईव्ही ३ संचात हाच प्रकार आणखी सुटसुटीत होता. २०१३ साली आलेल्या या संचातला रिमोटच बीकन म्हणून चालायचा, चारपैकी एक चॅनेल निवडता यायचा आणि सेन्सर उणे २५ ते अधिक २५ असा दिशेचा आकडा द्यायचा. शून्य आलं की नाक बरोबर बीकनकडे.

'पाच आला' म्हणजे पोचलो असं नाही

सीकरच्या या आकड्यांत एक खड्डा होता.

२४० अंशांचे आठ टप्पे, म्हणजे एक टप्पा ३० अंशांचा. ३० अंशांची फाक बीकनपासून १ मीटर अंतरावर किती रुंद होते? साधारण ५४ सेंटीमीटर. २० सेंटीमीटरवर? जेमतेम ११. म्हणजे लांबून चालणाऱ्या रोबोटला 'पाच' हा आकडा अर्धा मीटरभर प्रवासात कुठेही दिसू शकतो.

'ब्लॉक पार्टी'त एक सोपी युक्ती होती. सेन्सर रोबोटच्या बाजूला लावायचा, खोक्यांच्या रांगेला समांतर गाडी चालवायची आणि पाच आला की थांबून ठोकळा टाकायचा. पण पाच तर खोकं येण्याच्या आधीच दिसायला लागतो! रोबोट लवकर थांबला की ठोकळा खोक्याच्या कडेला आपटून बाहेर. त्यात रोबोट जागच्या जागी थांबत नाही, ब्रेक लावल्यावरही थोडा घसरतो. समजा तो सेकंदाला ५० सेंटीमीटर वेगाने चाललाय आणि सेन्सरचा आकडा दर ५० मिलिसेकंदांनी बदलतोय. फक्त दोन आकड्यांच्या मधल्या वेळातच तो अडीच सेंटीमीटर पुढे सरकलेला असतो.

यावरची चांगली उत्तरं दोन. पहिलं, पाच कधी सुरू झाला आणि कधी संपला हे दोन्ही चाकांच्या एन्कोडरवरून नोंदवायचं, म्हणजे चाक किती फिरलं ते मोजून. मग दोन्हींच्या बरोबर मध्यावर परत यायचं. बीकन जवळपास तिथेच असतो. दुसरं, ० ते ९ हा तयार आकडा बाजूला ठेवून पाचही डिटेक्टरचे कच्चे आकडे घ्यायचे आणि वर सांगितलेला फरक-भागिले-बेरीज हिशोब शेजारच्या दोघांवर चालवायचा. ३० अंशांची जाडीभरडी फाक मग काही अंशांपर्यंत बारीक होते.

आणि काहीच दिसलं नाही तर? चार खोक्यांपैकी तीन ओलांडली, बीकन सापडला नाही, तर तो चौथ्यातच असणार. हे कळायला सेन्सर लागत नाही, तर्क लागतो. म्हणून चांगल्या प्रोग्रॅममध्ये 'इतकं अंतर गेलास आणि काही दिसलं नाही, तर शेवटच्या खोक्यात टाक' अशी ओळ असायलाच हवी. ही एक ओळ नसली तर रोबोट सिग्नलची वाट बघत भिंतीला धडकत राहतो आणि ३० सेकंद संपतात.

अंतराचं कोडं आणि पायऱ्यांचा बॉल

दिशा कळली. अंतर? प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. अंतर दुप्पट, प्रकाश चौथा हिस्सा. म्हणजे आकडा बघून अंतर सांगता यायला हवं. प्रत्यक्षात बीकनची बॅटरी उतरली, एलईडी जरा तिरका बसला, सेन्सरवर धूळ आली, की आकडा बदलतो. अंतर मात्र तेच असतं. त्यामुळे एकट्या आकड्यावर भरवसा टाकणं धोक्याचं.

या अडचणीवर एक सुंदर तोड रोबोकप ज्युनिअर सॉकर या स्पर्धेतल्या बॉलमध्ये सापडते. इथे रोबोट फुटबॉल खेळतात आणि बॉल स्वतःच इन्फ्रारेड बीकन असतो, चहूबाजूंनी प्रकाश टाकणारा. तो ४० हजार हर्ट्झवर लुकलुकतो, पण सगळे झोत सारख्या जोराचे नसतात. आधी ८ झोत पूर्ण जोरात. मग ४ झोत एक चतुर्थांश जोरात. मग ४ झोत एक षोडशांश, म्हणजे सोळाव्या हिश्शाच्या जोरात. मग ४ झोत एक चौसष्टांश. मग थोडी शांतता, आणि पुन्हा पहिल्यापासून.

हे असं का? कारण रिमोटसाठी वापरतात ते स्वस्त रिसीव्हर फक्त 'दिसलं' किंवा 'नाही दिसलं' एवढंच सांगतात, किती जोरात ते सांगत नाहीत. बॉल लांब असेल तर फक्त पूर्ण जोराचे झोत पोचतात. निम्म्या अंतरावर आला की एक चतुर्थांशवालेही दिसायला लागतात. आणखी निम्म्यावर आला की षोडशांशवाले, आणि त्याच्याही निम्म्यावर आला की चौसष्टांशवाले. रिसीव्हर किती वेळ 'दिसतंय' म्हणतोय एवढं मोजलं, की बॉल साधारण किती लांब आहे ते कळतं. जोर मोजू न शकणाऱ्या सेन्सरला वेळ मोजायला लावून अंतर काढून घेतलं. ज्याला हे सुचलं त्याला दाद द्यायला हवी.

मैदानात काय काय बिघडतं

पहिला त्रास परावर्तनाचा. पांढरी भिंत, चकचकीत पत्रा, मैदानाच्या कडेचं पारदर्शक प्लास्टिक, सगळ्यांवरून इन्फ्रारेड उसळून येतो. तोही १२०० च्याच तालात लुकलुकत असतो, त्यामुळे वजाबाकी त्याला गाळू शकत नाही. रोबोटला दोन बीकन दिसतात, एक खरा आणि एक आरशातला. सहसा खरा जास्त तेजस्वी असतो, म्हणून सर्वांत मोठा आकडा निवडायचा हा नियम बऱ्यापैकी चालतो. पण खऱ्या बीकनसमोर दुसरा रोबोट उभा राहिला तर? मग फक्त आरशातला उरतो आणि रोबोट भिंतीकडे निघतो. बहुतेक वेळा आडवा येणारा रोबोट आपल्याच आघाडीतल्या दुसऱ्या संघाचा असतो. त्यामुळे सामन्याआधी त्या संघाशी 'पहिले दहा सेकंद तुम्ही कुठे असाल?' एवढं बोलून घेणं हे कुठल्याही महागड्या सेन्सरपेक्षा उपयोगी.

दुसरा त्रास काळ्या रंगाचा, आणि यात भलेभले फसतात. सेन्सरला बाजूचा प्रकाश लागू नये म्हणून मुलं त्याच्याभोवती काळ्या प्लास्टिकची नळी किंवा काळी पट्टी लावतात. डोळ्यांना काळं म्हणजे प्रकाश अडला. पण बरीच काळी प्लास्टिकं इन्फ्रारेडसाठी चक्क पारदर्शक असतात. रिमोटच्या किंवा टीव्हीच्या पुढची काळी खिडकी आठवा, तिच्यातून तर सिग्नल आरपार जातो! म्हणून आडोशाला काय लावायचं ते आधी तपासायचं. रिमोटच्या टोकावर ते धरायचं, बटण दाबायचं आणि फोनच्या कॅमेऱ्यात बघायचं. ठिपका दिसला तर ती वस्तू कामाची नाही. ॲल्युमिनियम फॉइल मात्र दगा देत नाही. फक्त तिची चकचकीत बाजू आतून झाकायला हवी, नाहीतर नळीतच परावर्तन सुरू होतं.

तिसरा त्रास अगदी साधा. बीकनचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे तो बंद पडलाय की रोबोटचा प्रोग्रॅम चुकलाय हे बघून कळत नाही. सराव करणाऱ्या संघाचा अख्खा दिवस प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात जाऊ शकतो आणि शेवटी निघतं काय, तर संपलेली बॅटरी. इथेही फोनचा कॅमेराच कामाला येतो.

घरी करून बघायचं असेल तर

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात 'टीएसओपी' मागितलं की तीन पायांचा छोटा काळा रिसीव्हर हातात ठेवतात. टीएसओपी १७३८ हा त्यातला जुना आणि लोकप्रिय. नावातला ३८ म्हणजे ३८ किलोहर्ट्झ. त्याच तालात लुकलुकणारा इन्फ्रारेड एलईडी ५५५ टायमरच्या सर्किटने बनवता येतो.

फक्त एक खबरदारी घ्यायची. हा रिसीव्हर रिमोटसाठी बनवलेला आहे आणि रिमोट सतत बोलत नाही, थोडं बोलतो, थांबतो. बीकन न थांबता ३८ किलोहर्ट्झवर चालू ठेवला तर रिसीव्हर त्याला गोंगाट समजून आपली संवेदनशीलता कमी करत जातो आणि काही वेळाने गप्प बसतो. (इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूबा अशाच वेगात लुकलुकतात, त्यांच्यापासून वाचण्यासाठी ही सोय.) म्हणून बीकनही रिमोटसारखाच छोट्या छोट्या झोतांत, मध्ये थांबत चालवायचा.

दिशेसाठी पाच रिसीव्हर घ्यायचीही गरज नाही. एकच रिसीव्हर अरुंद नळीत बसवून छोट्या सर्वो मोटरवर लावायचा आणि डावीकडून उजवीकडे फिरवायचा. कुठल्या अंशाला पहिल्यांदा दिसलं आणि कुठल्या अंशाला शेवटचं दिसलं, दोन्हींचा मध्य काढला की बीकनची दिशा मिळाली. हळू आहे, पण समजायला याहून चांगला प्रयोग नाही.

कासवांपासून कॅमेऱ्यापर्यंत

दिव्याच्या मागे जाणारं यंत्र ही कल्पना स्पर्धांपेक्षा बरीच जुनी आहे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल इथे विल्यम ग्रे वॉल्टर या मेंदूतज्ज्ञाने १९४८-४९ च्या सुमाराला एल्मर आणि एल्सी नावाची दोन यांत्रिक 'कासवं' बनवली होती. त्यांना प्रकाश ओळखणारा एकच डोळा होता. बॅटरी उतरत आली की ती दिवा लावलेल्या आपल्या खुराड्याकडे परत जायची आणि चार्ज व्हायची. तिथला दिवा साधा, डोळ्यांना दिसणारा होता.

'फर्स्ट'च्या मोठ्या रोबोटांच्या स्पर्धेत, एफआरसीत, इन्फ्रारेड बीकन २००४ साली आले. तिथे रोबोटला १५ सेकंदांत एकट्याने बीकनचा माग काढून उंचावर ठेवलेला बॉल पाडता यायचा. लगेच पुढच्या वर्षी संघांना कॅमेरा देण्यात आला, पण वेगवेगळ्या हॉलच्या वेगवेगळ्या प्रकाशात रंग ओळखताना तो कॅमेरा गडबडायचा. एफटीसीत इन्फ्रारेड बीकन त्यानंतरही बरीच वर्षं टिकले यात म्हणूनच नवल नाही. स्वस्त होते, आणि रंगांच्या भानगडीत पडत नव्हते.

बदल आला तो स्मार्टफोनमुळे. २०१५-१६ पासून एफटीसीच्या रोबोटचा मेंदू लेगोच्या ठोकळ्याऐवजी अँड्रॉइड फोन झाला. त्या वर्षीच्या खेळातही 'बीकन' होते, पण लाल-निळ्या, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचे. नाव तेच राहिलं, तंत्र बदललं. पुढच्या मोसमात फोनच्या कॅमेऱ्याने भिंतीवरची चित्रं ओळखून रोबोट आपली जागा शोधू लागले. २०२३-२४ च्या मोसमात मैदानावर एप्रिलटॅग लागले. मिशिगन विद्यापीठात तयार झालेले हे काळे-पांढरे चौकोन क्यूआर कोडच्या चुलतभावासारखे दिसतात. असा एक टॅग दिसला तरी कॅमेऱ्याला दिशा, अंतर आणि तिरकेपणा तिन्ही एकदम कळतात, शिवाय टॅग कितव्या क्रमांकाचा आहे तेही. बीकन बिचारा 'मी इकडे आहे' यापलीकडे काही सांगू शकत नव्हता. बॅटरीही त्यालाच लागायची, कागदावर छापलेल्या टॅगला लागत नाही.

पण कॅमेऱ्याला उजेड लागतो आणि चित्र समजून घ्यायला ताकदीचा प्रोसेसर लागतो. जिथे हे दोन्ही परवडत नाही तिथे बीकन अजून आहेच. घरात फरशी झाडणारा रुम्बा रोबोट आठवा. त्याच्या चार्जिंगच्या ठाण्यातून इन्फ्रारेडचे वेगवेगळे झोत निघतात. कंपनीच्या जुन्या कागदपत्रांत त्यांची नावं लाल बॉय, हिरवा बॉय आणि फोर्स फील्ड अशी आहेत. बॉय म्हणजे बंदरात पाण्यावर तरंगणारी खूण. दोन बाजूंचे दोन झोत मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात एकमेकांवर येतात. रोबोटला एकच दिसला तर तो दुसऱ्याच्या दिशेने वळतो, दोन्ही दिसले की सरळ आत जातो. अंधाऱ्या खोलीत, पलंगाखालून बाहेर येऊनसुद्धा.

याच रोबोटचा झाडू काढून टाकलेला भाऊ, 'क्रिएट', पुढे बॉटबॉल नावाच्या शाळकरी मुलांच्या स्पर्धेत उतरला.